शाळा सुटल्यावर शाळा खरोखर सुटावी म्हणून : शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शिक्षकाचे काम आपणहून कधी संपत नाही. धडा आणखी रंगवता आला असता, वही आणखी बारकाईने पाहता आली असती, मागे पडलेल्या मुलाला आणखी पाच मिनिटे देता आली असती. ज्याला आपल्या कामाविषयी आस्था आहे त्याला ही यादी रोज दिसते. त्यामुळे सर्वाधिक थकतात ते बहुतेक वेळा सर्वाधिक मनापासून शिकवणारे शिक्षक. त्यांना 'थोडे कमी मनावर घ्या' असे सांगून काही साधत नाही. तसे सांगणेही मला पटत नाही.

या विषयावरचे बरेचसे सल्ले संध्याकाळपासून सुरू होतात: फिरायला जा, ध्यान करा, छंद जोपासा. ते चुकीचे नाहीत, पण उशिराचे आहेत. ज्याच्या पिशवीत तपासायच्या चाळीस वह्या आहेत त्याला संध्याकाळ मोकळी मिळतच नाही. घरचा वेळ वाचवायचा तो शाळेच्या वेळात. कोणते काम अजिबात करायचे नाही, कोणते निम्म्या वेळात होते आणि कोणते दुसऱ्याचे आहे, हे आधी ठरवावे लागते. म्हणून हा लेख वह्या, टाचण, मोकळे तास आणि पालकांचे संदेश यांच्यावर जास्त रेंगाळेल. विश्रांतीकडे तो नंतर वळेल.

आधी मोजा

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. फक्त नोंद ठेवा. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या आणि दिवसातून तीनदा लिहा: मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना आणि झोपण्यापूर्वी. कोणते काम केले, किती मिनिटे लागली आणि कुठे केले, एवढ्या तीनच गोष्टी. रात्री अंथरुणात फोनवर पालकाला दिलेले उत्तरसुद्धा लिहा. ते कामच आहे.

ही नोंद लागते, कारण आपला अंदाज जवळजवळ नेहमीच चुकतो. जे काम नावडते ते जास्त वेळ खाते असे वाटते, आणि जे आवडते त्यात गेलेले तास मोजलेच जात नाहीत. रविवारची दुपार तक्ते रंगवण्यात गेली तर तिला आपण काम म्हणत नाही.

आकडे बोलके असतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ साली केलेल्या 'टॅलिस' या आंतरराष्ट्रीय पाहणीत सहभागी देशांतील माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी सुमारे ३८ तास काम करतात असे दिसले. त्यातले प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सुमारे २०. जपानमध्ये एकूण तास ५६ भरले, पण शिकवण्याचे तास फक्त १८ होते. म्हणजे सर्वांत जास्त राबणारे शिक्षक सर्वांत जास्त शिकवत नव्हते. त्यांचे तास शाळेनंतरच्या क्रीडा आणि छंद मंडळांत, कागदपत्रांत, तयारीत जात होते. तुमच्या वहीतही बहुधा हेच दिसेल. तासांची फुगवटी फळ्यापासून दूर कुठेतरी असते, आणि नेमकी कुठे ते कळल्याशिवाय हात कुठे घालायचा ते कळत नाही.

दोन आठवड्यांनी प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. मुलांच्या शिकण्यात याने थेट भर पडते का? पडते, पण इतका वेळ देण्याची गरज आहे का? कोणीतरी मागितले म्हणून करतो, पण पुढे ते कोणी वाचते का? आणि हे माझे काम आहे का? तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाखाली आलेल्या नोंदी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवा. मुख्याध्यापकांशी बोलताना त्या लागतील.

वह्या तपासणे : सगळ्यात मोठी गाठ

एक साधा हिशेब करा. एका शिक्षकाकडे पाच वर्ग, प्रत्येकात चाळीस मुले. एका वहीला तीन मिनिटे दिली तर दोनशे वह्यांना सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास. आठवड्याला एकदा वह्या गोळा केल्या तर जवळजवळ सव्वा दिवसाचे काम आठवड्यात जास्तीचे शिरले. ते शाळेच्या वेळात बसणे अशक्य आहे, म्हणून ते घरी येते. इतर सगळे उपाय एका बाजूला आणि हा एक हिशेब दुसऱ्या बाजूला.

इतके करून मुलांना मिळते काय? रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्यांची पुढची कामगिरी आणि कामातला रस वाढला. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. अर्थ उघड आहे. आकडा दिसला की मूल आकडाच पाहते, आणि आपण रात्री जागून लिहिलेली ओळ न वाचता वही मिटते.

इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या कामाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या स्वतंत्र गटाने २०१६ साली तपासणीवर अहवाल दिला, त्यात तीन कसोट्या सांगितल्या: तपासणी अर्थपूर्ण असावी, आवाक्यातली असावी आणि मुलांना उमेद देणारी असावी. मी या तिन्हींतली 'आवाक्यातली' आधी धरतो. आवाक्याबाहेरची तपासणी उशिरा होते, आणि तीन आठवड्यांनी हाती आलेल्या वहीत काय चुकले होते ते मुलाच्या लक्षातही नसते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते.

सगळ्या वह्या वाचा, पण सगळ्यांत लिहू नका. चाळीस वह्यांचा गठ्ठा घ्या, शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि प्रत्येक वहीला अर्धे मिनिट द्या. कागदावर चार गोष्टी टिपत जा: बहुतेकांना काय जमले, कोणती चूक वारंवार दिसली, कोणाचे उत्तर वर्गापुढे दाखवण्याजोगे आहे, आणि कोणत्या चार-पाच मुलांशी वेगळे बोलायला हवे. वीस मिनिटांत एक वर्ग होतो. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटे त्या कागदासाठी ठेवा. वारंवारची चूक फळ्यावर सोडवा, मग मुलांनी आपापली वही आपणच दुरुस्त करायची. वरच्या हिशेबातले दहा तास अशाने दोन तासांच्या आत येतात, आणि दुरुस्ती करणारा हात शिक्षकाचा न राहता मुलाचा होतो. शिकायचे त्यालाच आहे.

मुले लिहीत असताना फिरा आणि तिथेच बोला. हातात एक पेन ठेवा, वाकून पहा, एक ओळ अधोरेखित करा, 'हे पुन्हा वाच' म्हणा आणि पुढे जा. एका तासात दहा-बारा मुलांपर्यंत पोहोचता येते. कोणापर्यंत पोहोचलो याची हजेरीच्या यादीवर बारीक टिंबाने नोंद ठेवली की आठवडाभरात कोणी सुटत नाही. नाहीतर पुढच्या बाकांवरच फेरी संपते.

तासाच्या शेवटी अर्ध्या कागदावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून घ्या. घरी न नेता तिथेच तीन ढीग करा: कळले, अर्धवट कळले, कळले नाही. दहा मिनिटांत उद्या कुठून सुरुवात करायची ते समजते. या चिठ्ठ्यांवर काहीही लिहायचे नाही.

छोट्या चाचण्या मुलांना स्वतःच तपासू द्या. वाचलेले आठवून लिहिण्याने ते पक्के होते, नुसते पुन्हा वाचण्याने तितके होत नाही, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ च्या प्रयोगांत दाखवले. लाभ आठवण्यातून येतो. गुण देऊन ते नोंदवहीत चढवण्याने त्यात काही वाढत नाही. पाच प्रश्न, उत्तरे फळ्यावर, दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती. गुण मोठ्याने विचारू नका.

निबंधासारख्या मोठ्या लेखनात एका वेळी एकच गोष्ट पाहायची, आणि ती मुलांना आधी सांगायची. या वेळी फक्त परिच्छेदांची रचना, पुढच्या वेळी फक्त उदाहरणे. प्रत्येक चूक लाल केलेला निबंध परत मिळाल्यावर मुलाला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना मात्र पळवाट नाही. तिथे तपासण्याची रीत बदला. एकेक उत्तरपत्रिका पूर्ण न करता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. डोक्यात एकच आदर्श उत्तर राहते, वेग वाढतो आणि न्यायही होतो, कारण पहिल्या मुलाला आणि चाळिसाव्या मुलाला एकच माप लागते. नाव दिसणार नाही अशा रीतीने पान दुमडून ठेवले तर आणखी चांगले. आणि गृहपाठाच्या तारखा वर्गांनुसार विखरा. पाचही वर्गांचा गठ्ठा सोमवारी येऊन पडतो तो आपणच नेमलेल्या तारखेमुळे.

तयारी आणि टाचण

चांगल्या तासाला तीन उत्तरे पुरतात. तास संपताना मुलांना काय जमायला हवे? ती कुठे अडखळतील? त्यांना जमले हे मला कसे कळेल? ही तीन उत्तरे पंधरा ओळींत मावतात. शाळेचा ठरलेला नमुना लांबलचक असेल तर तो भरा, पण तयारीचा वेळ आधी या तीन प्रश्नांना द्या. नमुना नंतर लवकर भरून होतो.

तासातासाची तयारी करण्यापेक्षा संपूर्ण घटकाची एकदम करा. पंधरा दिवसांचा घटक एका बैठकीत आखला की रोज रात्री 'उद्या काय' हा प्रश्न उरत नाही. एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवणारे सहकारी असतील तर घटक वाटून घ्या. दुसऱ्याचे टाचण जसेच्या तसे चालणार नाही, बदलावे लागेल, पण कोऱ्या पानापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

तास झाल्यावर टाचणाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहा: काय फसले, कोणते उदाहरण लागू पडले. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते त्याच दिवशी करायचे. पुढच्या वर्षी या दोन ओळी तासभर वाचवतात. ज्या शिक्षकांना वीस वर्षांनंतरही दर वर्षी सगळे नव्याने करावे लागते, त्यांच्याकडे अनुभव भरपूर असतो, पण तो कुठे उतरवलेला नसतो.

सादरीकरणाच्या पानांची सजावट, हलणारी चित्रे, रंगसंगती यांना वेळेची कडक मर्यादा घाला. मुलांचे लक्ष त्याने क्षणभर वेधले जाते. कळण्यासाठी नेमका प्रश्न आणि नेमके उदाहरण लागते.

मोकळा तास

मोकळा तास क्वचितच मोकळा राहतो. कोणी रजेवर असते, बदली तास लागतो. म्हणून आजच व्हायला हवे असे काम मोकळ्या तासावर टाकू नका. त्यात उद्या-परवाचे काम ठेवा. तास गेला तर नुकसान नाही, मिळाला तर आपण एक दिवस पुढे.

मोकळ्या तासात काय करायचे ते आदल्या दिवशी ठरलेले हवे. शिक्षक कक्षात येऊन, बसून, 'आता काय करू' असा विचार करेपर्यंत दहा मिनिटे जातात. एका तासात एकाच प्रकारचे काम घ्या. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की आधीच्या कामात मन रेंगाळत राहते आणि नवे काम संथ होते, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. चार वह्या, मग एक फोन, मग हजेरीची बेरीज, मग पुन्हा वह्या, असा गेलेला तास दमवतो आणि हाती काही लागत नाही.

आठवड्यातले दोन मोकळे तास रिकाम्या वर्गात किंवा ग्रंथालयात बसून काढा. बाकीचे शिक्षक कक्षात. तिथल्या गप्पा वेळेचा अपव्यय नाहीत. जो शिक्षक वर्गात एकटा, मोकळ्या तासात एकटा आणि घरी वह्यांपुढे एकटा, तो फार लवकर कोमेजतो. मधल्या सुट्टीत जेवताना मात्र काम नको. दहा मिनिटे का होईना, बसून जेवा.

पालकांचे संदेश

फोनने शाळेची भिंत पाडली. रात्री साडेदहाला 'उद्या चित्रकलेची वही आणायची का?' हा संदेश विचारणाऱ्याला निरुपद्रवी वाटतो. त्याचा तो एकच असतो. शिक्षकाकडे तसे चाळीस घरांतून येतात.

इथे सर्वांत परिणामकारक काम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात करायचे असते. पहिल्या पालक सभेत आणि लेखी, असे दोन्हीकडे सांगा. मजकूर असा असू शकतो:

'नमस्कार. आपल्या पाल्याविषयी आपण मला कधीही लिहू शकता. शाळेच्या दिवशी मी सकाळी शाळा भरण्यापूर्वी आणि दुपारी शाळा सुटल्यावर अर्धा तास संदेश पाहते आणि एका कामाच्या दिवसात उत्तर देते. तातडीचे काही असल्यास कृपया शाळेच्या कार्यालयात फोन करावा. सविस्तर बोलायचे असल्यास वेळ ठरवून भेटू.'

यात नकार कुठेच नाही. उत्तर कधी मिळेल याची खात्री आहे, आणि पालकांना बहुधा तेवढीच हवी असते. त्यानंतर नियम पाळण्याची जबाबदारी आपली. रात्री अकराला एकदा उत्तर दिले की सगळ्या पालकांना नवा नियम कळतो. उत्तर सुचलेच तर लिहून ठेवा आणि सकाळी पाठवा. वर्गाच्या गटात सूचना फक्त शिक्षक पाठवू शकतील अशी सोय असते, ती सुरू करा. शक्य असेल तर शाळेच्या कामाला वेगळा क्रमांक ठेवा आणि तो फोन स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत नेऊ नका.

रागावून लिहिलेल्या लांब संदेशाला लेखी उत्तर देऊ नका. 'आपली काळजी समजली. उद्या शाळेत किंवा फोनवर बोलू, कोणती वेळ सोयीची?' एवढेच. लेखी वाद चार संध्याकाळी खातो. समोरासमोरचे बोलणे बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत संपते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. कायदा कंपन्यांसाठी आहे, पण त्यामागचा विचार शाळेने स्वतःहून स्वीकारायला कोणाची आडकाठी नाही.

दिवस बंद करण्याची पद्धत

शाळा सुटल्यावर लगेच निघू नका. पंधरा मिनिटे थांबा. टेबल आवरा, उद्याच्या पहिल्या तासाचे साहित्य वर काढून ठेवा आणि राहिलेली कामे लिहा. प्रत्येक कामापुढे ते केव्हा आणि कुठे करणार तेही लिहा: 'सातवी ब च्या वह्या – गुरुवारी, तिसरा तास, ग्रंथालय'. हा तपशील महत्त्वाचा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असे दिसले की अपुरे काम मनात घुटमळत राहते, पण ते कधी-कसे करायचे याची नेमकी योजना केली की काम पुरे न होताही ते घुटमळणे थांबते. मनाला काम संपल्याची नव्हे, त्याची सोय लागल्याची खात्री हवी असते.

रात्री विचार येत राहिले तर झोपण्यापूर्वी पाच मिनिटे हेच कागदावर करा. मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये झोपेच्या प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासात, पुढच्या कामांची यादी लिहिणारे तरुण हे झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे आधी झोपी गेले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

घरी काम न्यायचेच असेल तर त्याचे दिवस ठरवा. आठवड्यात दोन संध्याकाळी, प्रत्येकी एक तास, एका ठरलेल्या टेबलावर. उरलेल्या दिवशी पिशवीत वह्या घालूच नका. 'जमले तर पाहू' म्हणून नेलेला गठ्ठा बऱ्याचदा तसाच परत येतो. काम झालेले नसते, पण ती सगळी संध्याकाळ अपराधी वाटण्यात गेलेली असते.

मनावरचे ओझे

तासांचा हिशेब जुळला तरी एक भाग उरतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. स्वतःला काय वाटते ते आवरून समोरच्यासाठी शांत, हसरे, खंबीर राहणे हेही श्रम आहेत आणि ते थकवतात. शिक्षक ते प्रत्येक तासाला करतो. घरी आल्यावर स्वतःच्या मुलावर पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढतो, कारण दिवसभराचा संयम शाळेत खर्च झालेला असतो. घरच्यांना हे एकदा नीट समजावून सांगा आणि घरी आल्यावरची वीस-तीस मिनिटे कोणीही काही न विचारण्याची ठरवून घ्या. घरकामाची वाटणीही याच वेळी बोलून घ्यावी. 'मदत करतो' म्हणणाऱ्याला रोज काम सांगावे लागते, आणि सांगणे हेही कामच असते. त्यापेक्षा पूर्ण जबाबदाऱ्या वाटा. परीक्षेचे आणि निकालाचे आठवडे घरच्या दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत कोणाला अचंबा वाटणार नाही.

संकटात सापडलेले मूल डोळ्यांपुढून हलत नाही. घरी मार खाणारे, उपाशी येणारे, अचानक गप्प झालेले. त्याची काळजी वाटणे थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण ती काळजी एकट्याने वाहू नका. जे पाहिले, ऐकले ते तारखेसह लिहा, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना किंवा समुपदेशकांना सांगा, पुढे कोण काय करणार ते ठरवून घ्या. एखाद्या मुलासाठी एक माणूस पुरे पडत नाही तेव्हा चार माणसे उभी करणे हे शिक्षकाने त्याच्यासाठी करण्याजोगे मोठे काम आहे.

विश्रांतीविषयी सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्स यांनी २००७ मध्ये चार अनुभव वेगळे करून दाखवले: मनाने कामापासून दूर जाणे, विसावा, नवे काही आत्मसात करणे आणि मोकळ्या वेळेवर स्वतःचा ताबा असणे. शिक्षकांनी तिसऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. पोहणे, वाद्य, नवी भाषा, काहीही. दिवसभर उत्तरे देणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा विद्यार्थी होऊन चुका करता आल्या की फार हलके वाटते. दीर्घ सुट्टीवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. सुट्टीचा ताजेपणा काम सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. रोजची झोप आणि आठवड्यातला एक पूर्ण कामविरहित दिवस जास्त उपयोगी.

घसा

याकडे फार दुर्लक्ष होते. अमेरिकेत नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयुष्यात कधीतरी आवाजाचा विकार झालेल्या शिक्षकांचे प्रमाण ५७.७ टक्के होते. इतर व्यवसायांतल्या लोकांत ते २८.८ टक्के. गोंगाटावर आवाज चढवू नका. हात वर करा, थांबा, शांतता होऊ द्या. मोठ्या वर्गात छोटा ध्वनिवर्धक वापरायला संकोच नको. पाण्याची बाटली टेबलावर हवी. सतत खाकरण्याची सवय घशाला आणखी इजा करते. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

मुख्याध्यापकांशी बोलणे

वरचे सगळे केल्यावरही तास कमी होत नसतील तर दोष तुमच्या शिस्तीत नाही. काम माणसाच्या मापापेक्षा जास्त आहे. ते एकट्याने सुटणार नाही.

बोलायला जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा. 'खूप काम आहे' याला उत्तर नसते. 'एकाच माहितीचे तीन तक्ते भरण्यात दर महिन्याला चार तास जातात, त्यातला एक ठेवून दोन बंद करता येतील का?' याला उत्तर द्यावे लागते. एका वेळी एकच मागणी ठेवा, एका सत्रापुरता प्रयोग म्हणून मागा आणि शक्यतो दोघे-तिघे मिळून जा.

नवी जबाबदारी आली तर लगेच हो म्हणू नका. 'वेळापत्रक पाहून उद्या सांगतो' म्हणा. दुसऱ्या दिवशी विचारा: 'स्नेहसंमेलन मी घेतो. मग विज्ञान प्रदर्शन कोणाकडे देऊ?' सगळ्यांत जास्त कामे नेहमी हो म्हणणाऱ्यांकडे आणि तरुण, नव्या शिक्षकांकडे जातात. अनुभवी शिक्षकांनी सभेत त्यांच्या वतीने बोलायला हवे, कारण नव्या माणसाला ते धाडस होत नाही.

हे वाचणारे कोणी मुख्याध्यापक असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सभेची संपण्याची वेळ आधी जाहीर करा आणि पाळा. रात्री शिक्षकांच्या गटात सूचना पाठवू नका. तुमचा संदेश 'सावकाश पाहा' म्हणून आला तरी तो आदेशासारखाच वाचला जातो. नवी नोंदवही सुरू करताना एक जुनी बंद करा. वह्या किती लाल झाल्या यावर शिक्षकाची पारख करू नका, मुलांनी काय दुरुस्त केले ते पाहा.

थकवा वेगळा, खचणे वेगळे

थकलेला माणूस दोन रात्री नीट झोपला की बरा होतो. खचलेला होत नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तयार केलेल्या मोजमापात खचण्याची तीन अंगे आहेत: भावनिक रितेपण, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याचा समावेश केला, तो आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित घटना म्हणून. नीट न हाताळला गेलेला कामाचा दीर्घकाळचा ताण हे तिथे त्याचे मूळ सांगितले आहे.

ज्या मुलांसाठी जीव टाकत होतात त्यांची नावे घेताना कंटाळा येऊ लागला, रविवारी दुपारपासूनच छाती जड होऊ लागली, महिना-दोन महिने झोप आणि भूक बिघडलेली राहिली, तर वेळापत्रकाच्या युक्त्या बाजूला ठेवा. डॉक्टरांना भेटा, रजा घ्या, घरी सांगा. जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले तर त्याच दिवशी कोणाजवळ तरी बोला आणि मानसोपचार तज्ज्ञांची मदत घ्या.

सुरुवात कुठून

सगळे एकदम सुरू केले तर तेच एक नवे ओझे होईल. पहिले दोन आठवडे फक्त नोंद. त्यानंतर एका वर्गाच्या वह्या अर्ध्या मिनिटाच्या पद्धतीने पाहून बघा. जमले की इतर वर्ग. पुढच्या महिन्यात दिवस बंद करण्याची पंधरा मिनिटे. पालकांसाठीचा मजकूर नव्या सत्राच्या आरंभी पाठवा, मध्येच नियम बदलल्यास लोक दुखावतात. परीक्षेच्या पंधरवड्यात कोणताही नवा प्रयोग करू नका.

सत्र संपताना पुन्हा दोन आठवडे नोंद ठेवा आणि तीन आकडे जुन्या नोंदीशी ताडून पाहा: घरी केलेल्या कामाचे तास, शाळेबाहेरच्या वेळेत दिलेली उत्तरे आणि पूर्ण मोकळे मिळालेले दिवस. पहिल्या दोन आकड्यांत उतार दिसला तर वाचलेल्या वेळात नवे काम शिरू देऊ नका. दिसला नाही तर दोन्ही नोंदी एकत्र जोडून मुख्याध्यापकांची वेळ मागा.